जायंट्सची ओ-लाइन: अकरा सॅक प्रत्यक्ष बघून आल्यावर

एडिसनकर | ३ ऑक्टोबर २०२३

काल गांधी जयंती होती. आमच्या लाइनने ती मनापासून पाळली. समोरून कोणीही या, आम्ही हात उगारणार नाही.

रात्री दीडला घरी पोचलो, सकाळी आठला मीटिंग होती, आता जेवणाच्या सुट्टीत हे लिहितोय. मेटलाइफ स्टेडियमवर आपले न्यूयॉर्क जायंट्स सिॲटलविरुद्ध २४-३ हरले. अकरा सॅक, त्यातले दहा एकट्या आपल्या क्वार्टरबॅकवर, डॅनियल जोन्सवर. ज्यांना हा खेळ, म्हणजे अमेरिकन फुटबॉल, माहीत नाही त्यांच्यासाठी: क्वार्टरबॅक हातात चेंडू घेऊन कुणाला फेकायचा ते बघत असतो, आणि फेकण्याआधीच त्याला आडवा केला की तो सॅक. तसं होऊ नये म्हणून त्याच्यापुढे पाच जण उभे असतात. मध्ये सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, टोकांना टॅकल. ही ओ-लाइन. हे पाच जण चेंडू फेकत नाहीत, झेलत नाहीत. त्यांचं काम एकच, आडवं येणं.

टीव्हीवर हा खेळ कडेने दिसतो आणि डोळा चेंडूमागे जातो. काल माझी जागा गोलपोस्टच्या मागे, अगदी वरच्या मजल्यावर होती. स्वस्तातली. पण तिथून लाइनमधल्या फटी दिसतात. शेजारी एक म्हातारा होता, जायंट्सची जुनी निळी टोपी घातलेला. प्रत्येक स्नॅपला, म्हणजे सेंटरने चेंडू मागे दिला की, तो मोठ्याने मोजायचा, "एक हजार एक, एक हजार दोन..." आणि तीनपर्यंत पोचला की टाळ्या वाजवायचा. पहिल्या हाफमध्ये मला वाटलं चेष्टा करतोय. दुसऱ्या हाफमध्ये मीही त्याच्याबरोबर मोजायला लागलो. टाळ्या फार वेळा वाजल्या नाहीत.

आता मुद्दा. आज सगळीकडे चाललंय की आपली पोरं कमजोर आहेत, ढकलली जातात. मला ते तसं दिसलं नाही. एकास एक ढकलाढकलीत आपण हरतो, पण इतके नाही. आपण हरतो ते माणसाची अदलाबदल करताना. समोरचा टोकाचा माणूस तिरका आत घुसतो आणि त्याच्या आतला माणूस मागून वळसा घालून बाहेर येतो. याला स्टंट म्हणतात. यात आपल्या टॅकलने आत आलेला माणूस गार्डच्या हवाली करायचा आणि बाहेर येणारा स्वतः घ्यायचा. काल पुन्हा पुन्हा काय दिसलं? गार्ड आणि टॅकल दोघं मिळून एकालाच मिठी मारून उभे, आणि दुसरा मोकळ्या रस्त्याने जोन्सकडे. लग्नाच्या मांडवात दोन्हीकडचे यजमान एकाच पाहुण्याला धरून बसतात आणि बाकीचे पाहुणे विचारत फिरतात, जेवायचं कुठे, तसं.

कारणंही आहेत. डावा टॅकल अँड्र्यू थॉमस, ज्याच्याशी जुलैमध्येच पाच वर्षांचा मोठा करार झाला, तो पहिल्याच मॅचला डॅलसविरुद्ध मांडीमागचा स्नायू दुखावून बसला. तोही ब्लॉक करताना नव्हे. आपली फील्ड गोल, म्हणजे गोलपोस्टमधून मारायची किक, अडवली गेली, तेव्हा चेंडू घेऊन पळणाऱ्याच्या मागे धावताना. (ती मॅच ४०-० होती. त्याबद्दल यापुढे बोलणार नाही.) त्याच्या जागी जोश इझूडू, जो खरा गार्डच्या जागी शोभतो. सेंटर जॉन मायकेल श्मित्झ यंदाच कॉलेजातून आलेला, आणि काल तोही खांदा धरून बाहेर गेला. समोर कोण कुठून येणार हे ओळखून ओरडून सांगायचं काम सेंटरचं. तो गेला की लाइनचं तोंडच बंद. उजवीकडे एव्हन नील, त्याच्याबद्दल वेगळं लिहावं लागेल.

आणि तो सिॲटलचा डेव्हन विदरस्पून! नवखा पोरगा, दोन सॅक त्याने केले. तो तर लाइनवरचा माणूसही नाही, मागचा राखणदार. कोपऱ्यातून सुटायचा, आणि त्याला घ्यायचा कुणी हे आपल्यापैकी एकालाही ठाऊक नसायचं. त्यात भर म्हणजे आपण त्यांच्या गोललाइनशी पोचलो असताना चेंडू पळवून ९७ यार्ड धावत गेला. तो धावत होता तेव्हा म्हातारा उठला, टोपी नीट केली आणि जिन्याकडे गेला.

---

नवा_भिडू | ३ ऑक्टोबर

माफ करा, मी नाशिकचा. आमच्याकडे फुटबॉल म्हणजे पायाने खेळतात तो. पण लेख आवडला. मला हे दहीहंडीच्या खालच्या थरासारखं वाटतंय. भार त्यांच्यावर, फोटो वरच्याचा.

एडिसनकर | ३ ऑक्टोबर

स्वागत आहे, माफी कशाला. पण खालच्या थरावर कुणी सव्वाशे-दीडशे किलोचा माणूस धावून येत नाही ना राव.

सांगलीचा_मध्यरक्षक | ४ ऑक्टोबर

हंडी सोडा, ही कबड्डी आहे. कॉलेजपर्यंत खेळलोय म्हणून सांगतो. साखळी धरली की आपल्याला दोन गोष्टी माहीत पाहिजेत: आपला हात कुणाच्या हातात आहे आणि झेप पहिल्यांदा कोण घेणार. चढाईवाला बोनसचं नाटक करून कोपऱ्याकडे पाय टाकतो. कोपऱ्यानेही झेप घेतली आणि मीही घेतली तर आम्ही दोघं एकमेकांवर, आणि तो आमच्यामधून रेषेपार. आमचे सर ओरडायचे, "अरे, तू त्याच्याकडे बघतोयस, तुझ्या जोडीदाराकडे कोण बघणार?" तुमच्या स्टंटचं वर्णन वाचून तेच आठवलं. नवीन जोडीदार आला की आमची साखळी महिनाभर फुटायची. ताकदीचा प्रश्नच नसायचा.

एक विचारायचं, तुमच्यात धरता येत नाही का?

एडिसनकर | ४ ऑक्टोबर

तीच तर गंमत, दादा. पंजे समोरच्याच्या छातीवर, आतल्या बाजूला ठेवले तर चालतं. खांद्याबाहेर जर्सी धरली, गळ्यात हात घातला की होल्डिंग, दहा यार्ड मागे. पकड न करता पकड करायची.

लाइनमनची_आई | ४ ऑक्टोबर

पहिल्यांदाच लिहितेय. माझा मुलगा इथे न्यू जर्सीतच दहावीत आहे, शाळेच्या ज्युनियर टीममध्ये डावा गार्ड. मला आधी वाटलं वजनामुळे घेतलाय. (वजन आहेच, माझ्या हातच्या पोळ्या आहेत.) मग घरातले टेनिस बॉल गायब व्हायला लागले. नवरा रविवारी क्रिकेटला निघाला की शोधाशोध. शेवटी कळलं, त्यांचे कोच दोन्ही हातांत एकेक टेनिस बॉल धरून ब्लॉकिंग करायला लावतात. बोटं बॉलभोवती अडकली की जर्सी धरताच येत नाही, तळव्यानेच ठोसावं लागतं. पोरगा घरी फ्रीजसमोर उभा राहून तेच करतो. फ्रीजवरचे मॅग्नेट पडतात.

तेव्हापासून मी मॅचमध्ये चेंडू बघतच नाही, त्याचा नंबर बघते. एकदाच माइकवर त्याचा नंबर ऐकला, होल्डिंगसाठी. गाडीत बसल्यावर मागच्या सीटवरून आवाज आला, "आई, आजी-आबांना सांगू नकोस."

एडिसनकर | ४ ऑक्टोबर

ताई, या धाग्यावर सगळ्यात जास्त लाइन तुम्हालाच कळते. येत जा.

---

फिलीतला_पुणेकर | ५ ऑक्टोबर

फिलाडेल्फियाच्या ईगल्सवाला आहे, त्यामुळे इथे चहा घ्यायला आलोय. तुमच्या नीलसाहेबांचं ऐकलंत का? सिंह मेंढरांच्या मताची पर्वा कशाला करेल म्हणे. आणि टीका करणारे कुठेतरी हॉटडॉग-बर्गर परतत असतील म्हणे.

एडिसनकर | ५ ऑक्टोबर

ऐकलं. त्याने नंतर माफी मागितली, विषय संपला. खोटं कशाला बोलू, त्या रात्री हुर्यो उडवणाऱ्यांत मीही होतो. आणि मी बर्गर परतत नाही, कोड परततो. तोही पुष्कळदा करपतो.

पण नीलबद्दल लिहायचं होतं ते लिहितो. २०२२ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम कॉलेजची पोरं आळीपाळीने निवडतात त्यात, सातव्या क्रमांकावर घेतलेला पोरगा. अलाबामात तीन वर्षांत तीन जागा खेळला: गार्ड, मग उजवा टॅकल, मग डावा टॅकल. इथे पुन्हा उजवा. उजव्या हाताने जेवणाऱ्याला डाव्याने जेवायला लावा, पोट भरेल पण शर्टावर आमटी सांडेल. त्याची खरी गडबड कमरेत आहे. समोरचा बाहेरून वेगाने आला की गुडघ्यात वाकण्याऐवजी तो कमरेत वाकतो, डोकं पायांच्या पुढे जातं, आणि मग नुसत्या हाताच्या फटक्याने त्याला पाडता येतं. एवढा अवाढव्य माणूस तोंडावर पडताना बघणं वाईट वाटतं. उन्हाळ्यात उभं राहण्याची ढब बदलून आला होता, पण मॅचमध्ये घाई झाली की शरीर जुन्या सवयीला जातं. सिंहाने आधी पाय रुंद करावेत, मेंढरांचं नंतर बघू.

सांगलीचा_मध्यरक्षक | ५ ऑक्टोबर

आमच्यात याला "नाक जमिनीला" म्हणायचे.

---

एडिसनकर | १६ ऑक्टोबर

काल बफेलोला १४-९. हरलो, पण लाइन बरी. जस्टिन प्यूच्या नावाने एक पोस्ट झालीच पाहिजे. २०१३ मध्ये आपणच पहिल्या फेरीत घेतलेला गडी, मग ॲरिझोनाला गेला, गेल्या वर्षी गुडघा फाटला, यंदा कुणीच घेतला नव्हता. दहा-बारा दिवसांपूर्वी आपण बोलावला. सुरुवातीला टीव्हीवर प्रत्येक खेळाडू आपलं नाव आणि कॉलेज सांगतो ना, याने कॉलेजच्या जागी सांगितलं, थेट सोफ्यावरून! मग गार्ड म्हणून उतरला आणि इझूडू जखमी झाल्यावर डाव्या टॅकलला गेला. सोफ्यावरून उठून आलेला माणूस आपल्यातल्या बऱ्याच जणांपेक्षा बरा उभा राहिला, कारण कुठे बघायचं हे त्याला माहीत होतं. माझं म्हणणं हेच आहे ना!

---

फिलीतला_पुणेकर | ३० ऑक्टोबर

काल जेट्सविरुद्ध तुमचे पासिंगचे एकूण यार्ड, सॅकमध्ये गेलेले वजा धरून, उणे नऊ? मी दोनदा चष्मा पुसला.

एडिसनकर | ३० ऑक्टोबर

उणे नऊ. १३-१०, ओव्हरटाइममध्ये हरलो. दोन्ही टीम मिळून चोवीस पंट, म्हणजे काही जमेना म्हणून चेंडू लाथेने समोरच्याकडे देऊन टाकणं. पावसात बसून पंट बघायला पैसे देणाऱ्यांत या वेळी मी नव्हतो, एवढंच समाधान.

---

लाइनमनची_आई | १३ नोव्हेंबर

दिवाळीच्या शुभेच्छा सगळ्यांना! काल लक्ष्मीपूजनाच्या गडबडीत मॅच बघता आली नाही. काय झालं?

एडिसनकर | १३ नोव्हेंबर

डॅलस ४९, आपण १७. ताई, तुम्ही पूजा केलीत ते बरं केलंत.

---

एडिसनकर | २० नोव्हेंबर

कालचा दिवस कसा गेला ते सांगतो. पहाटे साडेतीनला उठून अहमदाबादची फायनल लावली. अकराच्या सुमारास सगळं संपलं. हेडचं शतक, ते शांत झालेलं स्टेडियम, रोहितचा चेहरा. घरात कुणी कुणाशी बोलेना. बायकोने केलेला शिरा तसाच झाकून ठेवलेला. दुपारी नुसतं डोकं दुसरीकडे जावं म्हणून जायंट्स लावले. वॉशिंग्टनला मॅच, जोन्सचा गुडघा याच महिन्याच्या सुरुवातीला गेलेला, त्याचा बदली टेलर जखमी, आणि क्वार्टरबॅक टॉमी डेव्हिटो. ड्राफ्टमध्ये कुणीच न घेतलेला, इथलाच जर्सीचा, आईवडिलांच्या घरी राहून खेळणारा पोरगा.

नऊ सॅक खाल्ले त्याने. नऊ! आणि तीन टचडाउन (गोललाइनपार झेललेले पास) फेकून ३१-१९ जिंकला. संध्याकाळी शिरा गरम करून खाल्ला.

जिंकलो म्हणून लाइन सुधारली असं कुणी म्हणू नका. नऊ म्हणजे नऊच. वॉशिंग्टनने सहा वेळा चेंडू घालवला म्हणून जमलं.

फिलीतला_पुणेकर | २० नोव्हेंबर

फायनलचं दुःख आमचंही तेवढंच. त्यावर कुणी बोलू नका.

पण लाइनवर बोलतो. इतके दिवस मी चेष्टा केली, आता वाद घालतो. एडिसनकर, तुम्ही सगळं त्या पाच जणांच्या गळ्यात मारताय. सॅक ही जोडीने होणारी चूक आहे. काल डेव्हिटो कितीतरी वेळा चेंडू घेऊन उभाच होता. समोर माणूस मोकळा, हा आणखी चांगल्या माणसाची वाट बघतोय. आमच्या ईगल्सचा १९८६ चा विक्रम आहे, एका सीझनमध्ये १०४ सॅक. त्यातले ७२ एकट्या रँडल कनिंगहॅमचे. लाइन वाईट होती हे खरं, पण तो पोरगा चेंडू सोडायचाच नाही, पळून काहीतरी करीन म्हणायचा. पुढे तोच केवढा मोठा खेळाडू झाला. लाइनने तीन सेकंद द्यावेत, मान्य. चार सेकंद कुणीच देत नाही.

एडिसनकर | २० नोव्हेंबर

मुद्दा वाजवी आहे, पण अर्धा. सिॲटलच्या रात्री मी मोजत होतो, तीनसुद्धा मिळत नव्हते. आणि सतत मार खाल्लेला क्वार्टरबॅक पुढे बघायचंच विसरतो, त्याची नजर खाली लाइनकडे जाते. मग वेळ मिळाला तरी तो वापरता येत नाही. आधी कोण बिघडलं?

सांगलीचा_मध्यरक्षक | २१ नोव्हेंबर

चढाईवाला दोनदा पकडला गेला की तिसऱ्यांदा नुसता रेषेला हात लावून परत येतो. बरोबर आहे एडिसनकरांचं.

नवा_भिडू | २१ नोव्हेंबर

मी आता हायलाइट्स बघायला लागलोय. कुणी खालच्या पाच जणांचे वेगळे हायलाइट्स काढतं का?

लाइनमनची_आई | २१ नोव्हेंबर

आमच्या मुलाचे कोच काढतात. सोमवारी मुलांना बसवून दाखवतात. रडवतात म्हणतो.

---

एडिसनकर | ९ जानेवारी २०२४

सीझन संपला. सहा जिंकले, अकरा हरले. काल लाइनचे कोच बॉबी जॉन्सन यांना काढलं. आता हिशेब.

एकूण ८५ सॅक. सतरा मॅच, म्हणजे बरोबर मॅचला पाच. लीगच्या इतिहासात यापेक्षा जास्त एकदाच झालेत, फिलीच्या त्या १०४ वेळी. जोन्स सहा मॅचमध्ये ३० वेळा पडला, म्हणजे त्याचीही सरासरी पाच.

आता पुणेकरांना एक देणं लागतो, ते फेडतो. रविवारी रात्री आकडे लावत बसलो. टायरॉड टेलर आणि डेव्हिटो, दोघांनी वर्षभरात फेकलेले पास जवळपास सारखेच, एकशेऐंशीच्या आसपास. डेव्हिटो ३७ वेळा सॅक झाला. टेलर? ८५ मधून जोन्स आणि डेव्हिटो वजा करा, अठराच्या वर उरतच नाहीत. लाइन तीच, खांदे तेच, निम्मे सॅक. टेलर एक तपाहून जास्त या लीगमध्ये आहे. कुठून कोण येणार हे त्याला स्नॅपच्या आधी दिसतं, आणि चेंडू वेळेत हातातून सुटतो. म्हणजे पुणेकर, मी तुमचं निम्मं म्हणणं मानायला हवं होतं, नोव्हेंबरातच.

पण माझं मूळ म्हणणं यातून उलट पक्कंच होतं. प्यू सोफ्यावरून आला आणि चालला, टेलर आला आणि निम्मे सॅक कमी झाले. दोघांकडे काय होतं? ताकद नव्हे. समोरचा हलायच्या आधी ओळखणं. आपल्या लाइनमध्ये यंदा दर दोन आठवड्यांनी कुणीतरी वेगळा उभा होता, तर ओळखणार कोण कुणाला? आपण फेब्रुवारी २००८ मध्ये न्यू इंग्लंडला १७-१४ हरवून सुपर बोल, म्हणजे लीगची फायनल, जिंकलो, तेव्हाची पाच नावं मला अजून घरातल्या माणसांसारखी म्हणता येतात: डील, स्यूबर्ट, ओहॅरा, स्नी, मॅकेन्झी. यंदाची पाच नावं कुणी सांगा. कुठल्या आठवड्याची, हे आधी विचारावं लागेल.

नवा कोच आणा, नवे गार्ड आणा, करा खर्च. पण थॉमस, श्मित्झ आणि आणखी तीन, अशी पाच माणसं ठरवून सलग आठ मॅच खेळवा. मग मला सांगा वाईट आहेत म्हणून.

सांगलीचा_मध्यरक्षक | ९ जानेवारी

नीलला गार्डला आत घ्या. कोपऱ्यावर जो उघडा पडतो तो मध्ये चांगला खेळतो, दोन्हीकडून आधार मिळतो. आमच्याकडे असे दोघे-तिघे सुधारले.

एडिसनकर | ९ जानेवारी

इथेही खूप जण तेच म्हणतायत. मला पटतं. त्याला पटायला हवं.

लाइनमनची_आई | १० जानेवारी

आमच्याकडे उलटं झालं. डाव्या गार्डवरून पुढच्या वर्षी टॅकलला जा म्हणालेत. उंची वाढली म्हणे. तुमची नीलची पोस्ट त्याला वाचून दाखवली, मराठी त्याला ऐकून कळतं. कमरेत वाकायचं नाही, गुडघ्यात वाकायचं, एवढं ऐकलं आणि गॅरेजमध्ये गेला. आता फ्रीज वाचला, गॅरेजचं दार वाजतंय.

फिलीतला_पुणेकर | १० जानेवारी

ताई, त्याला ईगल्सच्या मॅच दाखवा, लाइन कशी असते ते कळेल. आणि एडिसनकर, हिशेब मान्य, पण एक गोष्ट नोंदवून ठेवा. १०४ चा विक्रम अजून आमचाच आहे. आणि तोही सोळा मॅचमध्ये. तुम्हाला एक मॅच जास्त मिळाली तरी जमलं नाही.

एडिसनकर | १० जानेवारी

राहू द्या तुमच्याकडेच. तेवढं सातत्य आमच्या लाइनमध्ये कुठलं!